भरपाई तिजोरीतून, हिशेब कोणाकडे?

आयर्लंडमधील शाळांत पूर्वी मुलांवर झालेले लैंगिक अत्याचार आणि त्यासंबंधीच्या तक्रारींची लावलेली विल्हेवाट यांच्या चौकशीसाठी तेथील सरकारने २०२५ साली आयोग स्थापन केला. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चौकशीच्या अहवालात धर्मसंघांनी चालविलेल्या ३०८ शाळांतील २,३९५ तक्रारींची आणि ८८४ आरोपितांची नोंद झालेली आहे. आयोगाचे काम यथाक्रम चालेल, अहवाल येईल आणि त्यानंतर एक प्रश्न टाळता येणार नाही : या माणसांना भरपाई द्यावयाची, तर ती कोणाच्या खिशातून?

हा प्रश्न त्या देशापुढे प्रथमच उभा राहिला आहे असे नाही. सुमारे पाव शतकापूर्वी तो उभा राहिला होता आणि तत्कालीन सरकारने त्याचे उत्तर एका कराराच्या रूपाने दिले होते. सार्वजनिक पैशाविषयी सरकारचे उत्तरदायित्व म्हणजे काय आणि ते टाळले म्हणजे काय घडते, हे समजून घेण्यास त्या कराराइतके बोधप्रद उदाहरण अलीकडच्या काळात क्वचितच सापडेल. म्हणून त्याचा विचार थोडा तपशिलाने करणे आवश्यक आहे.

दरडोई अनुदानाची व्यवस्था

आयर्लंडमधील औद्योगिक शाळा ही ब्रिटिश अमदानीची निर्मिती. १८६८ च्या कायद्याने त्या सुरू झाल्या आणि १९२२ साली स्वतंत्र राज्य स्थापन झाल्यावरही त्यांत मूलभूत बदल झाला नाही. अनाथ, निराधार, शाळा चुकविणारी आणि बहुतांशी केवळ गरीब असलेली मुले न्यायालयाच्या आदेशाने या शाळांत पाठविली जात. शाळा चालवीत कॅथलिक धर्मसंघ; पैसा देई सरकार. हा पैसा दर मुलामागे ठराविक रक्कम या हिशेबाने मिळत असे. मुलांची संख्या जितकी जास्त, तितके अनुदान जास्त. आणि मुलांवर होणारा खर्च जितका कमी, तितकी शिल्लक जास्त. या व्यवस्थेतील आर्थिक प्रलोभन कोणत्या दिशेला ओढणारे होते, हे समजण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

अशा व्यवस्थेला एकच प्रतिबंध असू शकतो आणि तो म्हणजे पैसा देणाऱ्याची कडक तपासणी. ती झाली नाही. न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने मे २००९ मध्ये पाच खंडांचा अहवाल प्रसिद्ध केला. मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सार्वत्रिक झाला होता, मारहाण हा दैनंदिन शिस्तीचाच भाग होता, अन्नवस्त्राची आबाळ ही नित्याची बाब होती, असा त्याचा निष्कर्ष आहे. परंतु तितकाच महत्त्वाचा निष्कर्ष शिक्षण खात्याविषयीचा आहे. खात्याची तपासणी मुळातच सदोष होती. धर्मसंघांपुढे खात्याची वृत्ती नमते घेण्याची होती. तक्रार आली की तिचा तपास करण्याऐवजी ती मिटविण्याकडे कल होता. ज्याने मूल ताब्यात घेतले, ज्याने त्याच्या पोषणाचे पैसे मोजले, त्याने ते मूल कसे आहे हे मात्र पाहिले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. या प्रकरणात सरकार हे बाहेरून मदतीला धावून आलेले तिऱ्हाईत नव्हे. ते सहगुन्हेगार आहे. म्हणूनच पीडितांना सरकारने भरपाई दिली याबद्दल तक्रार करण्यास जागा नाही; ती देणे त्याचे कर्तव्यच होते. तक्रार वेगळीच आहे. दोघांनी मिळून केलेल्या अपराधाचे देणे एकाने जवळजवळ सगळे उचलले आणि दुसऱ्याला मोकळे केले. आणि हे करताना ज्यांच्या वतीने ते उचलले त्या जनतेला विचारले नाही.

५ जून २००२

पत्रकार मेरी रॅफ्टरी यांची वृत्तपटमालिका १९९९ साली आयरिश दूरचित्रवाणीवर दाखविली गेली आणि दशकानुदशके दडपलेला विषय घराघरांत पोहोचला. ११ मे १९९९ रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राष्ट्राच्या वतीने पीडितांची क्षमा मागितली. चौकशी आयोग नेमला गेला आणि एप्रिल २००२ मध्ये भरपाई मंडळाचा कायदा झाला. न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालण्याची पाळी पीडितांवर येऊ नये, पुराव्याचा भार हलका असावा, हा त्या कायद्याचा हेतू होता आणि तो योग्यच होता.

मात्र त्याच वेळी बंद दाराआड दुसऱ्या वाटाघाटी चालू होत्या. अठरा धर्मसंघांनी मिळून १२ कोटी ८० लाख युरो द्यावेत. तेही सगळे रोख नव्हे, तर काही रोख, काही समुपदेशनाच्या सेवा आणि बराच भाग जमीन व इमारतींच्या रूपाने. त्या मोबदल्यात सरकारने धर्मसंघांना क्षतिपूर्तीची हमी द्यावी. म्हणजे कराराच्या कक्षेतील एखादा पीडित धर्मसंघाविरुद्ध न्यायालयात गेला आणि जिंकला, तरी त्याला द्यावयाची रक्कम सरकारने भरावी. या करारावर शिक्षणमंत्री मायकेल वुड्स यांनी ५ जून २००२ रोजी सह्या केल्या. सार्वत्रिक निवडणूक १७ मे रोजी होऊन गेली होती आणि नवे सभागृह ६ जून रोजी पहिल्यांदा भरणार होते. म्हणजे जुने सभागृह विसर्जित झालेले, नवे भरलेले नाही, अशा पोकळीतील अखेरच्या दिवशी हा व्यवहार पुरा झाला. वाटाघाटींच्या निर्णायक बैठकींना महान्यायवादींच्या कार्यालयाचा प्रतिनिधी हजर नव्हता, हेही पुढे उघड झाले.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर हा विम्याचा व्यवहार होता. धर्मसंघांनी एकदाच हप्ता भरला आणि सरकारने अमर्याद जोखीम पत्करली. विमा कंपनीतील नवशिका कारकूनही जोखीम मोजल्यावाचून हप्ता ठरवीत नाही. येथे जोखीम मोजलीच गेली नव्हती. २००१ साली भरपाई योजनेच्या खर्चाचा प्राथमिक अंदाज २५ कोटी युरोंचा होता. म्हणजे धर्मसंघ निम्मा भार उचलीत आहेत असे चित्र त्या अंदाजावरून उभे राहत होते. पण पुढे महालेखापरीक्षकांनी हा आकडा १०० कोटींच्या घरात जाऊ शकेल असा इशारा दिला. शेवटी २०१७ साली त्याच कार्यालयाने विशेष अहवाल सादर केला, तेव्हा चौकशी, भरपाई आणि पूरक साहाय्य मिळून एकूण खर्च १५० कोटी युरो झाल्याचे दिसून आले. सुमारे १५,६०० पीडितांना सरासरी ६२,००० युरो मिळाले. मंडळापुढील प्रकरणांच्या वकिलांच्या फीपोटी सुमारे १९ कोटी युरो गेले. म्हणजे धर्मसंघांनी २००२ साली कबूल केलेल्या संपूर्ण रकमेहून अधिक पैसा केवळ वकिलीवर खर्च झाला.

१५० कोटींत १२ कोटी ८० लाखांचा वाटा शेकडा साडेआठ एवढा पडतो. रायन अहवालाने देश हादरल्यावर लोकमताच्या दडपणाखाली धर्मसंघांनी २००९ साली आणखी सुमारे ३५ कोटी २६ लाख युरो देऊ केले. सरकारने निम्म्या-निम्म्या वाटणीची मागणी केली. पण हमी देऊन बसलेल्या सरकारच्या हाती मागणी करण्यापलीकडे काही उरले नव्हते. शाळांची क्रीडांगणे देण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला आणि नवा देकार २२ कोटी ६० लाखांवर आला. २०१५ अखेर दोन्ही मिळून प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम एकूण खर्चाच्या सुमारे शेकडा १३ होती. २००२ साली कबूल केलेल्या मालमत्तांपैकी काहींचे हस्तांतरण तेरा वर्षांनंतरही पुरे झालेले नव्हते.

हिशेब टाळण्याच्या तीन वाटा

उत्तरदायित्व टाळण्याची पहिली वाट म्हणजे गुप्तता. भरपाई मंडळापुढे गेलेल्या पीडिताला आपल्या अर्जाविषयी व मिळालेल्या रकमेविषयी ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई केली. ही मनाई मोडल्यास जबर दंड आणि दोन वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षा ठेवली. रक्कम स्वीकारताना न्यायालयात जाण्याचा हक्कही सोडून द्यावा लागे. चौकशी आयोगापुढे, ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाने न्यायालयात धाव घेतल्यानंतर, अत्याचार करणाऱ्यांची नावे टोपणनावांखाली झाकण्यात आली. पहिल्या अध्यक्षा न्यायमूर्ती मेरी लाफॉय यांनी २००३ साली राजीनामा दिला, तो सरकारच्या असहकारावर बोट ठेवून. अशा रीतीने पैसा सार्वजनिक, पण त्यामागील कहाणी खाजगी, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. ज्या खर्चाचे कारण लोकांना ऐकू येत नाही, तो खर्च लवकरच त्यांना भार वाटू लागतो. आणि त्या भाराचा राग अपराध्यावर न जाता ज्याला भरपाई मिळाली त्याच्यावर जातो. पीडितांनी हा अपमान निमूटपणे सोसला आहे.

दुसरी वाट म्हणजे जबाबदारी नाकारणे. औद्योगिक शाळांखेरीज साध्या राष्ट्रीय शाळांतही अत्याचार झाले होते. तेथे पगार सरकारचा, अभ्यासक्रम सरकारचा. पण व्यवस्थापन धर्मसंस्थेचे, म्हणून आमची जबाबदारी नाही, अशी भूमिका सरकारने आपल्याच सर्वोच्च न्यायालयापुढे घेतली आणि २००८ साली ती मान्यही करून घेतली. त्यानंतर तशाच स्वरूपाचे दावे लावलेल्यांना खटले मागे घ्या, नाही तर खर्च अंगावर येईल, अशी पत्रे गेली. अखेर जानेवारी २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. शिक्षण दुसऱ्याकडे सोपविले म्हणून मुलांच्या रक्षणाचे कर्तव्य सोपविता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. तरीही त्यानंतरच्या योजनेत सरकारने अट घातली : त्याच शिक्षकाविरुद्ध पूर्वी तक्रार झाली होती हे पीडिताने दाखवावे. ज्या काळात तक्रार करणे म्हणजे आणखी मार खाणे होते, त्या काळातील तक्रारीचा कागद पन्नास वर्षांनी आणून द्यावा, अशी ही अपेक्षा! २०१९ साली निवृत्त न्यायाधीश ओ'नील यांनी ही अट त्या निकालाशी विसंगत असल्याचा निर्णय दिला.

तिसरी वाट सर्वांत सभ्य दिसणारी, आणि म्हणूनच सर्वांत घातक. ती म्हणजे तिजोरीची काळजी. अविवाहित माता व त्यांची मुले यांच्या संस्थांविषयीचा चौकशी अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यानंतरची भरपाई योजना मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. अंदाजित खर्च सुमारे ८० कोटी युरो आणि पात्र व्यक्ती सुमारे ३४,०००. पण ज्यांनी बालपणी अशा संस्थेत सहा महिन्यांहून कमी काळ काढला, त्यांना वगळले. जणू आईपासून पाच महिन्यांचे मूल तोडणे हा अन्याय नव्हे आणि सात महिन्यांचे तोडणे हा अन्याय! ही सीमारेषा न्यायाने आखलेली नाही, ती खर्चाच्या तक्त्याने आखली आहे. दुसरीकडे संबंधित धर्मसंस्थांनी वाटा उचलावा म्हणून सरकारने मध्यस्थ नेमला. २०२५ मध्ये त्याची फलश्रुती समोर आली, तेव्हा भरीव रोख रक्कम देऊ करणारा धर्मसंघ एकच निघाला आणि त्याचा देकारही सुमारे १ कोटी ३० लाख युरोंचा होता. म्हणजे तिजोरीची काळजी पीडितांच्या बाबतीत काटेकोर आणि संस्थांच्या बाबतीत विनंतीवजा.

या काळजीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २००८ मध्ये याच देशाच्या सरकारने एका रात्रीत आपल्या बँकांच्या सुमारे ४४,००० कोटी युरोंच्या देण्यांना हमी दिली. बँका वाचविण्यासाठी पुढे सुमारे ६,४०० कोटी युरो ओतले गेले आणि त्याची वसुली कामगारांच्या वेतनातून, वृद्धांच्या व अपंगांच्या सवलतींतून झाली. दोन्ही प्रसंगांत साम्य विलक्षण आहे. दोन्ही वेळा बलिष्ठ संस्थेची अमर्याद जोखीम जनतेच्या माथी मारली गेली. दोन्ही वेळा ती मोजण्याआधीच पत्करली गेली. आणि दोन्ही वेळा लोकप्रतिनिधींना त्याचा अर्थ नंतर कळला. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक हे सूत्र भांडवलशाहीच्या संदर्भात समाजवादी चळवळ नेहमी मांडीत आली आहे. प्रतिष्ठा खाजगी आणि प्रायश्चित्त सार्वजनिक, हे त्याच सूत्राचे दुसरे रूप होय.

दुसरा मार्ग होता काय?

सरकारपुढे पर्याय नव्हता, असा बचाव केला जातो. धर्मसंघांना करारात आणले नसते तर त्यांनी एक युरोही दिला नसता, आणि प्रत्येक पीडिताला न्यायालयात झगडत बसावे लागले असते, हे त्याचे स्वरूप. या बचावात तथ्यांश आहे. जुन्या अपराधांचे दावे मुदतीच्या कायद्यात अडकतात, साक्षीदार मेलेले असतात, पीडित वृद्ध झालेले असतात. म्हणून भरपाई प्रथम सरकारने द्यावी, हे तत्त्व निर्विवाद आहे. परंतु प्रथम देणे वेगळे आणि कायमचे देणे वेगळे. पीडिताला आज पैसे देऊन उद्या सहअपराध्याकडून वसूल करण्याचा हक्क राखून ठेवणे हा मार्ग उपलब्ध होता. २००२ च्या कराराने नेमका तोच हक्क विकून टाकला.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याबाबत पाहण्यासारखे आहे. तेथील शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात चौकशी केली आणि २०१८ साली राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली. तिचे मूळ तत्त्व असे की ज्या संस्थेत अत्याचार झाला तिने भरपाईचा खर्च सोसावा. संस्था अस्तित्वात उरली नसेल, तर विशिष्ट परिस्थितीत सरकारने तिच्या जागी उभे राहावे. योजनेत येण्यास नकार देणाऱ्या संस्थांची नावे जाहीर करण्यात आली आणि धर्मादाय म्हणून मिळणाऱ्या करसवलती काढून घेण्याचा बडगा उगारण्यात आला. ती योजना निर्दोष आहे असे नव्हे. आयोगाने सुचविलेली कमाल मर्यादा २ लाख डॉलर होती. सरकारने ती दीड लाखावर आणली. परंतु देणे कोणाचे, हा प्रश्न तिने पहिल्याच कलमात सोडविला. करसवलत ही जनतेने दिलेली असते आणि ती अटीवर देता येते, एवढी साधी गोष्ट तेथील राज्यकर्त्यांना सुचली. डब्लिनमधील राज्यकर्त्यांना ती सुचू नये याला अज्ञान म्हणता येणार नाही.

यात धर्मश्रद्धेचा अधिक्षेप नाही. आयर्लंडमधील असंख्य श्रद्धावान कॅथलिकांनीच या पीडितांची बाजू घेतली आहे. प्रश्न श्रद्धेचा नाही, सत्तेचा आहे. आणि ज्या सत्तेला हिशेब विचारला जात नाही ती सत्ता धर्माची असो, पक्षाची असो वा सहकाराची, तिचा परिणाम दुबळ्यांच्या अंगावर उमटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडील अर्थ

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने ही दूरदेशीची कथा म्हणून बाजूला ठेवू नये, कारण दरडोई अनुदानावर मुले सोपविण्याची व्यवस्था येथेही रुजलेली आहे. अनुदानित आश्रमशाळांना निवासी विद्यार्थ्यामागे परिपोषण अनुदान मिळते. संस्था खाजगी, पैसा सरकारी, आणि मूल आदिवासी कुटुंबातील. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेत मुलींवरील अत्याचार उघडकीस आले, तेव्हा काही काळ संतापाची लाट उसळली आणि ओसरली. पीडितांना भरपाई देण्यासाठी २०१३ पासून राज्यात मनोधैर्य योजना आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनीही न्यायालयाने ठरविलेली भरपाई राज्याने तीस दिवसांत द्यावी असे बंधन घातले आहे. हे स्वागतार्हच आहे. पण अत्याचार अनुदानित संस्थेत झाला असेल, तर दिलेल्या भरपाईपैकी किती रक्कम त्या संस्थेकडून वसूल केली, तपासणीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यावर कोणती कारवाई झाली आणि संस्थेचे अनुदान पुढे चालू राहिले काय, हे तीन प्रश्न विधिमंडळात दर अधिवेशनात विचारले गेले पाहिजेत. संस्थाचालक आणि आमदार यांचे नाते महाराष्ट्रात किती निकटचे असते हे ध्यानात घेता, हे प्रश्न आपोआप विचारले जातील अशी अपेक्षा बाळगणे भोळेपणाचे ठरेल. ते बाहेरून, चळवळीनेच विचारले पाहिजेत.

आयर्लंडच्या अनुभवातून निघणारे निष्कर्ष मोजके आहेत. पीडिताची भरपाई कोणाच्याही वाटाघाटीसाठी थांबता कामा नये. सरकारने ती दिल्यावर सहअपराधी संस्थेकडून वसुलीचा हक्क कोणत्याही कराराने सोडू नये. सोडावयाचाच असेल तर तो करार सह्या होण्यापूर्वी लोकप्रतिनिधींच्या सभागृहापुढे खर्चाच्या अंदाजासह यावा. पीडिताच्या तोंडाला कुलूप घालणारी अट कोणत्याही योजनेत असू नये. आणि दर वर्षी किती दिले, कोणाकडून किती आले, याचा जमाखर्च प्रसिद्ध व्हावा. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. साध्या प्रामाणिक जमाखर्चाच्या या मागण्या आहेत.

आयर्लंडमधील नव्या आयोगापुढे आज जे साक्ष देतील, त्यांतील अनेक जण साठी-सत्तरी उलटलेले असतील. त्यांच्यासाठी नवी भरपाई योजना झाली, तर ती कशी असेल याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. तो पुन्हा एकदा दोन सभागृहांमधल्या पोकळीत होतो की दिवसाढवळ्या सभागृहात होतो, यावरून त्या राज्याने २००२ पासून काय शिकले हे कळेल.